‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’मधील अनुपस्थित शिक्षक : वैद्यकीय अध्यापनाच्या चित्रणाची चिकित्सा

प्रास्ताविक

राजकुमार हिरानी यांनी दिग्दर्शित केलेला आणि विधू विनोद चोप्रा यांनी निर्माण केलेला ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ हा हिंदी चित्रपट डिसेंबर २००३ मध्ये प्रदर्शित झाला. निकोप करमणूक करणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये तमिळ व तेलुगू भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि २००६ मध्ये त्यातील प्रमुख पात्रे घेऊन दुसरा चित्रपट आला. वैद्यकीय शिक्षणातील माणुसकीच्या अभावाचा विषय निघाला की आजही या चित्रपटाचा दाखला हमखास दिला जातो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतींआड काय शिकवले जाते, कोण शिकवतो आणि ते कुठे चुकते, याविषयीची सर्वसामान्य समजूत घडविण्यात या एका चित्रपटाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे करमणूक म्हणून त्याचे मूल्यमापन झाले असले, तरी वैद्यकीय अध्यापनाचे चित्रण म्हणूनही त्याची तपासणी होणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा असा की, या चित्रपटात अधिष्ठाता आहे, विद्यार्थी आहेत, रुग्ण आहेत. परंतु शिक्षक नाही. शिक्षकाच्या या अनुपस्थितीमुळे चित्रपटातील संघर्ष ‘ज्ञान विरुद्ध प्रेम’ असा सोपा होतो. वैद्यकीय अध्यापनाचे दैनंदिन काम ज्या ठिकाणी चालते आणि ज्या ठिकाणी ते अडखळते, ती जागा मात्र रिकामीच राहते.

अधिष्ठात्याचा सिद्धान्त

मुंबईतील ‘इम्पीरियल इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस’ या काल्पनिक संस्थेत चित्रपटाचे कथानक घडते. संस्थेचे अधिष्ठाता डॉ. अस्थाना (बोमन इराणी) नव्या विद्यार्थ्यांसमोर आपली भूमिका मांडतात. रुग्णांविषयी आपल्याला जिव्हाळा वाटत नाही आणि म्हणूनच शस्त्रक्रिया करताना आपला हात थरथरत नाही. स्वतःच्या मुलीवर शस्त्रक्रिया करावी लागली तर तो थरथरेल, असा त्या भूमिकेचा आशय आहे. मुन्ना (संजय दत्त) याच वर्गात प्रश्न विचारतो की, मरणासन्न माणूस दाराशी आला असता आधी अर्ज भरून घेणे आवश्यक आहे काय? येथूनच चित्रपटाच्या दोन बाजू ठरतात. एका बाजूला थंड ज्ञान, दुसऱ्या बाजूला ऊबदार अज्ञान.

अस्थानांचा सिद्धान्त हास्यास्पद करून दाखविला असला, तरी त्याला वैद्यकाच्या इतिहासात प्रतिष्ठित पूर्वज आहेत. सर विल्यम ऑस्लर यांनी १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात चित्ताची अविचलता हा वैद्याचा आवश्यक गुण मानला होता. रक्तस्राव होत असता घाबरणारा डॉक्टर कोणालाच नको असतो. परंतु हेच ऑस्लर पुढे जॉन्स हॉपकिन्स येथे विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या सभागृहातून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी घेऊन गेले. अविचल राहणे आणि रुग्णाजवळ जाणे या दोन गोष्टी त्यांच्या अध्यापनात एकत्र नांदत होत्या. चित्रपटाने त्यांची फारकत केली आणि पहिली अधिष्ठात्याला, दुसरी मुन्नाला वाटून दिली. या वाटणीत ज्याच्याकडे दोन्ही असावयास हवे, तो शिक्षक कथानकातून गळाला.

व्याख्याता, सहयोगी प्राध्यापक, निवासी डॉक्टर यांची एक साखळी प्रत्यक्ष वैद्यकीय महाविद्यालयात असते. विद्यार्थ्याला घडविण्याचे बहुतेक काम हीच साखळी करते. अधिष्ठाता विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, मग वॉर्डातील फेरी, एका खाटेभोवती उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची ‘क्लिनिक’, दुपारी व्याख्यान, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध, जर्नलवरील सह्या, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, तपासणीसाठी तयार ठेवावयाचे तक्ते, हा त्या साखळीतील शिक्षकाचा दिवस होय. चिकित्सा विभागातील शिक्षक हा त्याच वेळी उपचार करणारा डॉक्टरही असतो. बाहेर रांगेत शंभर रुग्ण उभे असताना एका रुग्णापाशी अर्धा तास थांबून विद्यार्थ्याला नाडी कशी पाहावी हे शिकविणे म्हणजे रांगेतील कोणाचा तरी वेळ घेणे होय. हा पेच रोजचा आहे आणि तो कोणाच्याही दुष्टपणातून निर्माण झालेला नाही. चित्रपटात अर्ज भरून घेण्याचा अट्टहास हे निर्दयतेचे चिन्ह म्हणून येते. सकाळची गर्दी ही शिकविण्याची अट म्हणून मात्र कधीच समोर येत नाही.

प्रवेश आणि शवविच्छेदन

मुन्ना संस्थेत शिरतो तो दुसऱ्याकडून परीक्षा देववून. २००३ मध्ये प्रेक्षक या प्रसंगावर मनसोक्त हसला. मध्य प्रदेशातील व्यापम प्रकरण २०१३ मध्ये उघडकीस आले आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील तोतया उमेदवार हा विनोदाचा विषय राहिला नाही. चित्रपटाला यासाठी दोषी धरण्याचे कारण नाही. तथापि, एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. माणुसकी असली की पात्रतेचा प्रश्न गौण ठरतो, असे चित्रपटाचे गृहीतक आहे आणि शिक्षकाला ते स्वीकारता येत नाही. शिक्षकाच्या हातून सुटलेला अपात्र विद्यार्थी पुढे एखाद्या रुग्णाच्या वाट्याला येतो, हे त्याला विसरता येत नाही.

शवविच्छेदनगृहाचा प्रसंगही असाच विनोदाकडे वळतो. मृतदेह पाहून मुन्ना घाबरतो आणि पुढे त्याचा साथीदार सर्किट (अर्शद वारसी) अभ्यासासाठी एका जिवंत पर्यटकालाच उचलून आणतो. विनोद म्हणून हे प्रसंग चपखल आहेत. परंतु पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तेथे खरोखर काय होते आणि शरीररचनाशास्त्राचा शिक्षक त्या क्षणी काय करतो, हा विषय चित्रपट हातचा सोडतो. अठरा वर्षांच्या मुलामुलींना फॉर्मलिनचा उग्र वास, डोळ्यांची आग, भूक मरणे आणि आपल्यासमोर झोपलेला हा माणूस कोण असावा हा प्रश्न, हे सारे एकाच सकाळी सोसावे लागते. आठवड्याभरात प्रश्न मावळतो आणि स्नायूंची नावे उरतात. हे मावळणे काही अंशी आवश्यक असते. त्यावाचून हातात चिमटा धरता येणार नाही. मात्र ते संपूर्ण मावळू न देणे हे शिक्षकाचे काम आहे.

महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यान्वये बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळू लागले; पुढे देहदानाची चळवळ वाढली. टेबलावरील देह एका दानाचा किंवा एका बेवारशी मरणाचा शेवट आहे, हे सांगणारा शिक्षक आणि न सांगणारा शिक्षक, दोघेही तोच धडा शिकवितात आणि दोघांच्या विद्यार्थ्यांना सारखेच गुण मिळू शकतात. फरक गुणपत्रिकेत दिसत नाही. वैद्यकीय अध्यापनातील पुष्कळशा महत्त्वाच्या गोष्टींचे हेच लक्षण आहे.

भाषेचा प्रश्न

चित्रपटाचे सर्वांत मार्मिक निरीक्षण भाषेविषयीचे आहे. संस्था इंग्रजीत बोलते. मुन्ना मुंबईच्या रस्त्यावरील हिंदीत बोलतो. सफाई कामगार असो, आत्महत्येचा प्रयत्न केलेला तरुण असो, मुन्ना त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचतो. रुग्णालयात भाषा ही सत्तेची आणि अंतराची खूण असते, हे चित्रपटाने अचूक टिपले आहे. पण येथेही तो एक पाऊल आधीच थांबतो. मुन्नाची भाषा दिलासा देते. ती निदानापर्यंत नेते, असे कोठेही दाखविलेले नाही.

महाराष्ट्रातील कोणत्याही शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात हा दुसरा भाग रोज घडतो. विद्यार्थी मराठीत विचारतो, मनात इंग्रजीत भाषांतर करतो आणि इंग्रजीत शिक्षकापुढे ‘केस’ सादर करतो. या प्रवासात पुष्कळ सांडते. ‘छातीत दुखते का?’ असे विचारल्यावर रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि विद्यार्थी छातीत वेदना नसल्याची नोंद करतो. शिक्षक खाटेशी येऊन ‘चालताना काय होतं, मामा?’ एवढेच विचारतो. चढ लागला की छाती भरून येते, दडपल्यासारखे होते, थांबले की बरे वाटते, असे रुग्ण सांगतो. त्याच्या मते हे दुखणे नव्हेच. हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्याचे हे अभिजात वर्णन आहे आणि ते विद्यार्थ्याच्या नोंदीत आलेले नाही. ‘गळून गेल्यासारखं वाटतं’, ‘अंगावरून जातं’, ‘पोटात गोळा येतो’, ‘घेरी येते’ या प्रत्येक प्रयोगामागे एक शक्यता असते आणि ‘वीकनेस’ हा एक शब्द त्यांतील अनेकांना पुसून टाकू शकतो. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या परप्रांतीय विद्यार्थ्यापुढे तर आधी मराठी समजण्याचीच अडचण असते. मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. त्याला शब्द कळतात, पण पाठ्यपुस्तकातील प्रश्नांच्या यादीत ते बसत नाहीत म्हणून तो ते टाकून देतो.

या ठिकाणी ‘ज्ञान विरुद्ध प्रेम’ ही चित्रपटाची मांडणी कोसळते. रुग्णाचे म्हणणे त्याच्या शब्दांत पुरते ऐकून घेणे ही आस्था आहे आणि तेच शास्त्रही आहे. ज्याने ऐकले नाही, त्याचे निदान चुकते. फ्रान्सिस पीबॉडी या अमेरिकन वैद्यकाच्या अध्यापकाने १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात लेखात हेच प्रतिपादन केले होते. रुग्णाची काळजी घेण्याची कला शास्त्राच्या विरोधी नाही, असे त्याचे म्हणणे होते. अस्थानांना हे समजले असते तर त्यांचे निदान सुधारले असते. मुन्नाला समजले असते तर त्याने अभ्यास केला असता. दोघांना हे सांगू शकेल असे पात्र चित्रपटात नाही.

आनंद आणि झहीर

चित्रपटातील दोन रुग्ण या चर्चेच्या केंद्रस्थानी येतात. पहिला आनंद (यतीन कार्येकर). वर्षानुवर्षे निश्चल पडलेला हा रुग्ण वर्गात अभ्यासाचा ‘सब्जेक्ट’ म्हणून दाखविला जातो. मुन्ना त्याला नावाने हाक मारतो, त्याच्याशी बोलत राहतो. माणसाचे खाटेच्या क्रमांकात किंवा रोगाच्या नावात रूपांतर होणे हा रुग्णालयीन शिक्षणाचा खरा दोष आहे आणि त्यावर चित्रपटाने बोट ठेवले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. ‘बारा नंबरचे लिव्हर पाहून ये’ असे वाक्य ज्या वॉर्डात सहज उच्चारले जाते, तेथील विद्यार्थी दोन महिन्यांत तसेच बोलू लागतो. त्यासाठी त्याला कोणी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

परंतु चित्रपटाच्या अखेरीस आनंद हालचाल करू लागतो आणि येथे चित्रपट स्वतःच्याच नैतिक भूमिकेला धक्का देतो. मुन्नाची वागणूक योग्य होती, याचा पुरावा म्हणून चमत्कार सादर होतो. प्रत्यक्ष वॉर्डातील असे रुग्ण बहुधा उठत नाहीत. त्यांच्याशी नावाने बोलावे, त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढावा, त्यांच्या अंगावरील चादर तपासणीनंतर पुन्हा नीट करावी, हे विद्यार्थ्याला शिकवावयाचे असते. आणि त्याचे काही फळ मिळेल असे आश्वासन शिक्षकाला देता येत नाही. फळावर आधारलेली करुणा पहिल्या अपयशापाशी संपते.

हे अपयश चित्रपटानेच दुसऱ्या रुग्णाच्या रूपाने दाखविले आहे. कर्करोगाने ग्रासलेला तरुण झहीर (जिमी शेरगिल) मुन्नाच्या डोळ्यांदेखत मरण पावतो. मुन्ना खचतो आणि संस्था सोडून निघतो. संपूर्ण चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक भाग हाच होय. मिठीने भीती कमी होते, अर्बुद कमी होत नाही, हे येथे चित्रपटाला मान्य करावे लागते. आणि नेमक्या याच ठिकाणी शिक्षकाची अनुपस्थिती सर्वाधिक जाणवते. आपल्या पहिल्या रुग्णाचा मृत्यू पाहिलेला विद्यार्थी दरवर्षी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असतो. त्याच्याशेजारी बसून काय करता आले असते, काय करता येण्यासारखे नव्हते आणि उद्या सकाळी पुन्हा वॉर्डात का यावयाचे, हे बोलणारा कोणी वरिष्ठ त्याला भेटला तर तो टिकतो. न भेटल्यास त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात. एक मुन्नाचा, म्हणजे निघून जाण्याचा. दुसरा अस्थानांचा, म्हणजे पुन्हा कोणाविषयी काही वाटू न देण्याचा. बहुतेक विद्यार्थी दुसरा मार्ग निवडतात. या दृष्टीने पाहता अस्थाना हा मुन्नाचा प्रतिस्पर्धी नसून, शिक्षक न भेटलेला मुन्नाच आहे, असे म्हणता येईल.

या निष्कर्षाला संशोधनाचाही आधार सापडतो. फिलाडेल्फिया येथील जेफर्सन मेडिकल कॉलेजमध्ये मोहम्मदरझा होजत व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विद्यार्थ्यांची सहसंवेदना तिसऱ्या वर्षात लक्षणीयरीत्या घसरते असे आढळले. विद्यार्थी रुग्णांच्या नित्य सहवासात येतो तेच हे वर्ष. अमेरिकेतील निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही, हे खरे. तथापि त्यातील सूचना महत्त्वाची आहे. विद्यार्थी कठोर वृत्ती घेऊन येत नाही. ती त्याला वाटेत लागते. त्याअर्थी तिचा प्रतिबंधही त्याच वाटेवर, म्हणजे वॉर्डात, व्हावा लागेल.

अभ्यासक्रमाने दिलेले उत्तर

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षण १९९७ च्या नियमावलीनुसार चालत होते. २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. २०२० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांसाठी स्वतंत्र घटक आहे. मृतदेहाकडे पहिला शिक्षक म्हणून पाहण्याचा पाठ त्यात आहे आणि प्रारंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची ओळखही अपेक्षित आहे. मुन्नाने विचारलेल्या प्रश्नांना व्यवस्थेने दिलेले हे उत्तर होय, असे मानण्यास हरकत नाही आणि त्याचे स्वागतच व्हावयास हवे. जी गोष्ट चित्रपटाने जन्मजात मानली, ती शिकविता येते असे अभ्यासक्रमाने गृहीत धरले. ही भूमिका अधिक योग्य आहे. छातीवर बोटाने ठोकून आवाज ऐकण्याची कला जशी शंभर रुग्णांवर हात बसल्यावाचून येत नाही, तसेच वाईट बातमी सांगणेही पाहून, करून आणि चुका दुरुस्त करून घेऊनच येते.

अडचण अंमलबजावणीत आहे. दीडशे ते अडीचशे विद्यार्थ्यांच्या तुकडीला संवादकौशल्य सभागृहात शिकविले जाते तेव्हा संवाद हाच व्याख्यानाचा विषय बनतो. विद्यार्थी चिंतनपर टिपण लिहितो, शिक्षक नोंदवहीवर सही करतो, क्षमता साध्य झाल्याची नोंद होते. ज्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेवर विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून आहे, ती बहुपर्यायी प्रश्नांची आहे. त्यामुळे वॉर्डातील सकाळ त्याला भ्रमणध्वनीवरील शिकवणीच्या तुलनेत तोट्याची वाटते. वर्गात बोलविले तर तो हजेरीपुरता येतो, खाटेपाशी बोलविले तर भिंतीला टेकून प्रश्नसंच सोडवितो. त्याला केवळ दोष देऊन भागणार नाही. परीक्षा जे मोजते ते विद्यार्थी शिकतो, हा जुनाच नियम येथे लागू होतो. शिक्षकाच्या बाबतीतही तेच घडते. त्याची हजेरी २०२५ पासून चेहऱ्याच्या पडताळणीद्वारे नोंदविण्याची व्यवस्था आली. तो इमारतीत होता हे त्यातून सिद्ध होते. तो खाटेपाशी किती वेळ होता, हे कोठेच नोंदले जात नाही. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, नीट शिकविलेल्या सकाळी मोजल्या जात नाहीत.

समारोप

‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ने वैद्यकीय शिक्षणावर केलेला आरोप मूलतः खरा आहे. रुग्णाचे ‘सब्जेक्ट’ होते, भाषा अंतर निर्माण करते, विद्यार्थी कठोर होत जातो. तथापि, त्याने सुचविलेला उपाय शिक्षणसंस्थेला सोयीचा आहे. करुणा ही काही थोड्या सहृदय माणसांना उपजत लाभलेली देणगी असेल, तर ती शिकविण्यासाठी वेळ, मनुष्यबळ आणि प्रतिष्ठा देण्याची जबाबदारी संस्थेवर उरत नाही. एखादा मुन्ना येण्याची वाट पाहिली म्हणजे झाले.

वास्तविक गरज आहे ती चित्रपटात नसलेल्या त्या मधल्या माणसाची. विद्यार्थ्याने सादर केलेली केस शांतपणे ऐकून घेणारा, मग रुग्णाकडे वळून त्याच्या बोलीत एक साधा प्रश्न विचारणारा आणि त्या उत्तराने निदान कसे बदलले हे विद्यार्थ्याला पाहू देणारा शिक्षक अस्थानांइतका जाणकार असतो आणि मुन्नाइतका जवळ उभा असतो. असे शिक्षक आजही अनेक महाविद्यालयांत आहेत. बाहेरची रांग वाढत असतानाही ते खाटेपाशी थांबतात आणि त्या थांबण्याची किंमत स्वतःच्या वेळातून भरतात. वैद्यकीय शिक्षणाच्या सुधारणेचा विचार त्या अर्ध्या तासापासून सुरू व्हावयास हवा. तो शिक्षकाच्या कामाच्या वेळात अधिकृतपणे बसवावा, परीक्षेत त्याला स्थान द्यावे आणि पदोन्नतीत त्याची गणना व्हावी. एवढे घडले तर झहीरच्या मृत्यूनंतर बाहेर पडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दारात अडविणारे कोणीतरी असेल.